सेन्सेइकाकूंना विचारा: माईक हातात आला, आता गाऊ काय?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहिलं, की जपानी बोलायची भीती मोडायची असेल तर एक तरी जपानी गाणं पाठ करा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पोरींची आहेत, दोन त्यांच्या आयांची. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत मी बावीस वर्षं जपानी शिकवते आहे, त्याआधी चार वर्षं जपानमध्ये, ओकायामात काढली. गाणारी मी नाही, पण तिथे दर महिन्याला कोणी ना कोणी कराओकेला ओढून नेलंच. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते.

काकू, मी चोवीस वर्षांची आहे, मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. पुढच्या महिन्यात जपानहून क्लायंट येणार आहेत. जेवणानंतर कराओके ठेवला आहे आणि मॅनेजरनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "तू जपानी शिकून राहिली ना, मग एक गाणं तूच म्हण." माझी फक्त एन-फाइव्ह, म्हणजे जपानीची सर्वात खालची परीक्षा झाली आहे. शाळेत समूहगीतात होते, आवाज बरा आहे. मैत्रीण म्हणते 'फर्स्ट लव्ह' घे. हातात तीन आठवडे आहेत.
(एक वाचक, मनीषनगर)

मैत्रिणीला माझा नमस्कार सांग आणि तिचा सल्ला बाजूला ठेव. 'फर्स्ट लव्ह' सुंदर आहे यात वादच नाही. उतादा हिकारूचा त्याच नावाचा अल्बम १९९९ साली आला तेव्हा ती जेमतेम सोळाची होती आणि जपानात त्याच्या सत्तर लाखांहून जास्त प्रती खपल्या. पण ते गाणं खाली, कुजबुजल्यासारखं सुरू होतं. तिथे तुला वाटेल, हे तर सोपं आहे. मग ते चढत जातं आणि नेमकं सगळे ऐकायला लागलेले असतात तिथे गळा उघडा पडतो. शिवाय पहिल्याच ओळीत शेवटच्या चुंबनाला सिगारेटची चव होती असं आहे. क्लायंटसमोर, मॅनेजर शेजारी बसलेला असताना? तूच ठरव.

तुझ्यासाठी माझं पहिलं गाणं 'उए ओ मुइते आरुकोऊ'. साकामोतो क्यूने १९६१ साली गायलेलं. अर्थ साधा: आसवं खाली पडू नयेत म्हणून वर बघत चालू या. १९६३ साली हे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, सगळे शब्द जपानी असताना. तिकडच्या लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी ते 'सुकियाकी' नावाने विकलं. सुकियाकी म्हणजे बीफ आणि भाज्यांचा एक पदार्थ, गाण्याशी काडीचा संबंध नाही. आपलं एखादं विरहगीत परदेशात कोणी 'सावजी रस्सा' या नावाने खपवावं, तसं झालं ते.

हे गाणं तुझ्या गळ्यात लवकर बसेल, त्याचं कारण घरातच आहे. पेटी असेल तर पहिली ओळ वाजवून बघ, भूपाच्या सुरांतच फिरते. जपानी लोक याला 'योनानुकी' म्हणतात: चौथा आणि सातवा सूर वगळलेला. आपण म्हणतो मध्यम आणि निषाद वर्ज्य. त्यांच्या कितीतरी जुन्या गाण्यांची चाल याच पाच सुरांवर उभी आहे. लहानपणी सकाळी रेडिओवर भूपाळी ऐकलेल्या गळ्याला ही वाट ओळखीची लागते. मधल्या भागात चाल भूप सोडते, तिथे मध्यम भेटतो, तेवढा भाग जास्त घोटायचा. शेवटाकडे शीळ आहे. शीळ येत नसेल तर नुसतं हसून पाहुण्यांकडे बघ, कोणीतरी वाजवेलच.

क्लायंट पस्तिशीच्या आतले असले तर दुसरं गाणंही तयार ठेव: आयम्योनचं 'मारीगोरुदो', २०१८चं. आयम्योनचा आवाज बाईचा असून खाली, बोलल्यासारखा राहतो, म्हणून साध्या गळ्याच्या पोरींना हे जमतं. मारीगोरुदो म्हणजे मेरीगोल्ड, आपला झेंडू. उन्हाळी टोपी घातलेली मुलगी वाऱ्यावर डोलणाऱ्या झेंडूसारखी दिसते, असं त्यात आहे. दसऱ्याला सीताबर्डीवर झेंडूचे ढीग बघितलेल्या माणसाला झेंडूवर प्रेमगीत जरा गमतीचंच वाटतं. मला तरी वाटलं होतं.

आता रीतभात. दुसऱ्याचं गाणं चालू असताना मोबाइलमध्ये स्वतःचं गाणं शोधत बसू नकोस. टाळ्या वाजव, खुळखुळा असला तर खुळखुळा. लागोपाठ दोन रडकी गाणी नकोत. आणि पाहुण्यांतल्या सर्वात मोठ्या माणसाचं ठरलेलं गाणं असतं, ते आपण उचलायचं नाही. अशा हातखंडा गाण्याला ते 'जूहाचिबान' म्हणतात, म्हणजे 'अठरावं'. काबुकी नाटकांतल्या इचिकावा घराण्याने आपली अठरा खास नाटकं ठरवली होती, तिथून हा शब्द आला. "तुमचं जूहाचिबान कोणतं?" एवढा प्रश्न जपानीत विचारलास तरी अर्धी संध्याकाळ जिंकलीस.

आणि एक. कोणी वयस्क गृहस्थ युगलगीतासाठी फारच आग्रह करायला लागले आणि तुला नको असेल, तर "नोदो गा इताइ देसु" म्हण. घसा दुखतोय. त्यावर कोणी वाद घालत नाही. मी हे वाक्य ओकायामात इतक्यांदा वापरलंय, की माझ्या घशाची तिथे सगळ्यांना काळजी लागली होती.

माझा आवाज जाड आहे. घरी सगळे "पोरासारखं गातेस" म्हणतात. जपानी मुलींची गाणी तर सगळी पिपाणीसारखी उंच. माझ्यासाठी काही आहे का, की पुरुषांची गाणी म्हणू?
(वय २१, प्रतापनगर)

पुरुषांची गाणी खुशाल म्हण, आणि ती म्हणताना एक सोय आहे जी मराठीत नाही. आपल्याकडे 'मी जातो'चं 'मी जाते' करावं लागतं. जपानी क्रियापदाला लिंगच नाही. 'बोकु' म्हणजे मुलग्यांनी वापरायचा 'मी'. तो शब्द असलेली गाणी बायका सर्रास म्हणतात, कित्येक गायिकांच्या स्वतःच्या गाण्यांतही तो असतो. कोणी भुवई उचलत नाही. स्पिट्झ या बँडचं 'चेरी' (१९९६) बघ. गाणारा पुरुष आहे, पण त्याचा आवाज इतका वर आणि कोवळा आहे, की बाईच्या जाड आवाजाला ती पट्टी बरोबर बसते.

पण मुळात तुझी अडचण आवाजाची नाही, पट्टीची आहे. आपल्याकडे साधा हार्मोनियमवाला पण आधी विचारतो, "ताई, काळी चार का पाच?" आणि त्याच आपण पोरी कराओकेला उभ्या राहिल्या की मूळ गायिकेच्या पट्टीत जीव काढतो. शिंप्याकडे हिरॉईनच्या मापाचा ब्लाउज शिवायला टाकतो का आपण? जपानी यंत्रांवर पट्टी वर-खाली करायची बटणं असतात. एकदा दाबलं की अर्धा सूर, म्हणजे काळी चारवरून एकदा खाली आलीस की पांढरी पाच. तिथल्या बायका दोन-तीन बटणं खाली करूनच गातात, त्यात कमीपणा मानत नाहीत. आपल्याकडे साऊंडवाल्याच्या लॅपटॉपवरही ही सोय असते, फक्त त्याला आधी सांगावं लागतं. ऐन वेळी सांगितलं तर तो हो म्हणतो आणि काहीच करत नाही.

पट्टी कशी ठरवायची? गाण्याची सुरुवात गाऊन बघू नकोस. जपानी गाण्यात आधी दोन वेगवेगळ्या चालींची कडवी येतात, त्यांना ते ए-मेलो, बी-मेलो म्हणतात, आणि मग येतो 'साबी'. साबी म्हणजे गाण्याचा मुखडा समज, पण आपला मुखडा दारातच भेटतो, त्यांचा बहुतेक वेळा दोन खोल्या ओलांडल्यावर. सगळ्यात उंच सूर साबीतच असतो. म्हणून आधी साबी म्हण, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. त्या वेळी जी पट्टी ओढाताण न करता निघेल ती तुझी. रात्री तापलेल्या गळ्याने ठरवलेली पट्टी फसवते.

जाड आवाजासाठी आणखी एक नाव: मात्सुबारा मिकीचं 'मायोनाका नो दोआ', १९७९चं. चाळीस वर्षांनी, २०२०मध्ये ते जगभरच्या पोरापोरींच्या मोबाइलवर अचानक वाजायला लागलं. मात्सुबारा ते बघायला नव्हती, ती २००४ सालीच गेली. साबीत इंग्रजी शब्द आहेत, त्यामुळे जपानी न येणाऱ्या मैत्रिणीही तिथे साथ देतात. पण तालाला घट्ट राहावं लागतं, चाल जराशी रेंगाळते असं वाटतं आणि आपण मागे पडतो.

माझी मुलगी कॉलेजात आहे. आमच्या सोसायटीच्या कोजागरीला ती 'योरु नि काकेरु' नावाचं जपानी गाणं म्हणणार आहे. चाल छान उड्या मारणारी आहे. पण अर्थ विचारला की "आई, तुला नाही कळणार" म्हणते. काही वावगं तर नाही ना?
(एक आई, लक्ष्मीनगर)

ताई, वावगं म्हणजे तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही. पण मुलगी अर्थ सांगत नाही त्याला कारण आहे. योआसोबी या जोडीचं हे २०१९च्या डिसेंबरचं पहिलं गाणं, आणि ते एका लघुकथेवरून केलं आहे. कथा मृत्यूच्या ओढीची आहे, आत्महत्येची. चाल ऐकून कोणालाच शंका येत नाही, हीच त्या गाण्याची करामत. कोजागरीच्या दुधाच्या वेळी सोसायटीतल्या कोणाला जपानी कळणार नाही हे खरं, तरी मी नसतं निवडलं. तिला रागवू नका मात्र. अर्थ माहीत असून निवडलंय म्हणजे तिने गाणं नुसतं ऐकलं नाही, वाचलंही आहे.

त्याऐवजी किरोरोचं 'मिराइ ए' सुचवा. १९९८चं. ओकिनावाच्या योमितान गावच्या दोन मैत्रिणींनी केलेलं. पियानो, संथ लय, आणि गाणं आईबद्दल आहे: तिने दिलेली माया, तिचा धरलेला हात, पुढे जायची वाट. शब्द सुटे सुटे आहेत, श्वास घ्यायला जागा आहे. मुलीला सांगा, शीर्षकातलं शेवटचं अक्षर लिहिताना 'हे' आहे पण म्हणताना 'ए' म्हणायचं. हे सांगितलंत की तुम्हालाही कळतं हे तिला कळेल.

काकू, आम्हा तिघींना 'आयडॉल' म्हणायचं आहे. 'ओशी नो को' या ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचं. किती दिवस लागतील?
(तीन मैत्रिणी, कॉलेज फेस्टसाठी)

दिवस नका विचारू, श्वास मोजा. त्या गाण्यात शब्द अक्षरशः मशीनगनसारखे येतात, मध्ये रॅप आहे, चाल सारखी कूस बदलते. तिघींनी ओळी वाटून घेतल्या तर जमेल. एकीने सगळं म्हटलं तर दुसऱ्या कडव्याला ती खाली बसेल.

आणि माझी फजिती ऐका म्हणजे तुमची टळेल. २००० सालची गोष्ट. ओकायामात ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते. छोटी खोली, रेक्झिनचे बाक, टेबलावर गाण्यांचं टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड पुस्तक. मी मोठ्या ऐटीत 'झानकोकु ना तेन्शी नो तेएझे' लावलं, इव्हँगेलिअन या ॲनिमेचं १९९५चं शीर्षकगीत, ताकाहाशी योकोने गायलेलं. टीव्हीवर ऐकून ऐकून पाठ होतं. दीड मिनिट सगळे टाळ्यांनी ताल धरून होते. मग पडद्यावर 'कान्सोऊ' आलं, म्हणजे मधलं संगीत, आणि मी माईक खाली ठेवला. गाणं संपलं अशी माझी समजूत. पडद्यावर दुसरं कडवं उगवलं. अक्षरांचा रंग डावीकडून उजवीकडे पालटत चाललाय आणि मी बघत उभी. टीव्हीवर वाजतो तो गाण्याचा दीड मिनिटाचा तुकडा असतो, पूर्ण गाणं चार मिनिटांचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कोपऱ्यात बसलेली हिशेब विभागातली एक बाई, सहा महिन्यांत माझ्याशी चार शब्द न बोललेली, तिने दुसरा माईक उचलला आणि उरलेलं गाणं म्हणून टाकलं. काय आवाज होता तिचा!

तर पोरींनो, ॲनिमेचं गाणं घ्याल तर पूर्ण घ्या. 'आयडॉल' जड गेलं तर इकिमोनोगाकारीचं 'ब्लू बर्ड' आहे, नारुतो शिप्पुदेनमधलं, २००८चं. वेग आहे, पण जीभ अडकत नाही, आणि साबी सुरुवातीलाच येतो म्हणजे प्रेक्षक लगेच हातात.

शब्द देवनागरीत लिहून पाठ करू की इंग्रजी अक्षरांत?
(सोमलवाडा)

देवनागरीत. डोळे झाकून देवनागरीत.

इंग्रजी अक्षरांत 'टीएसयू' लिहिलेलं बघून मुली 'टसू' म्हणतात. अगं, तो आपल्या 'चूल'मधला च आहे! 'चिमणी'मधला नव्हे, 'चूल', 'चारा'मधला. हिंदीवाल्यांना हा उच्चार शिकवायला मला तास लागतो, मराठी मुलीला एक सेकंद. तसाच जपानी 'झा' म्हणजे आपल्या 'जरा'मधला ज. 'फु' म्हणताना मात्र दात ओठाला लावायचे नाहीत, मेणबत्तीवर फुंकर घालतो तसा.

दुसरं, मात्रा. जपानी गाण्यात प्रत्येक अक्षर एक ठोका घेतं. 'मुइते' म्हणजे मु, इ, ते: तीन. आपण घाईत 'म्विते' करून दोनात उरकतो आणि मग चाल पुढे आणि आपण रिकामे. अभंगाची अक्षरं बोटांवर मोजतो ना, सहा-सहा-सहा-चार, तसंच इथे मोजायचं. अर्धा 'न्' सुद्धा पूर्ण ठोका खातो. 'तेन्शी' तीन ठोक्यांचं आहे. मी वर्गात टेबलावर चमच्याने ठोके देते, शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडे पोहे इतक्या वेळ काऊन ढवळून राहिल्या?"

त्यावरून आठवलं. आपलं 'करून राहिली', 'खाऊन राहिली' याला पुण्याचे लोक हसतात. जपानीत 'गाते आहे'ला 'उतात्ते इरु' म्हणतात. उतात्ते म्हणजे गाऊन, इरु म्हणजे असणं, राहणं. गाऊन राहिली! गाण्यांमध्ये हे 'ते इरु' पावलोपावली सापडेल, बोलण्यात झिजून नुसतं 'तेरु' होतं. नागपूरच्या मुलीला हे व्याकरण समजावून सांगावं लागत नाही, ते तिला आईच्या दुधातून मिळालेलं असतं.

आम्ही कामठीच्या. इथल्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराला जपानी पाहुणे येतात, त्यांच्यासमोर आमच्या गटातल्या पाच मुलींना एक गाणं म्हणायचं आहे. पाहुणे वयस्क असतात. मुली सोळा ते वीसच्या. वाद्यं नाहीत, स्पीकरवर ट्रॅक लावू.
(एक ताई, कामठी)

पाच मुली आणि वयस्क पाहुणे म्हटल्यावर पॉप गाण्यांचा माझा सगळा पसारा मी गुंडाळून ठेवते. दोन पर्याय. मुली लाजऱ्या असतील तर 'सान्पो', तोतोरो या १९८८च्या चित्रपटातलं. सान्पो म्हणजे फेरफटका. चालत चालत म्हणायचं, कवायतीच्या तालाचं, चुकलं तरी गोडच दिसतं.

मुली सुरात असतील तर 'फुरुसातो'. हे १९१४चं शाळेतलं गाणं, तीन मात्रांच्या संथ लयीतलं. फुरुसातो म्हणजे आपलं गाव, जिथून आलो ते. जपानात शाळेत गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे येत नाही असं सहसा होत नाही. एकीने पहिली ओळ म्हणावी, दुसऱ्या ओळीला पाचही जणींनी यावं. तिसऱ्या ओळीपर्यंत पाहुणे स्वतःच म्हणायला लागतील, तेव्हा स्पीकर कमी करा.

फक्त पहिल्या ओळीत एक जागा सांभाळा. त्या टेकडीवर आपण सशाच्या मागे धावलो, असं तिथे आहे, आणि धावलो याला शब्द आहे 'ओइशी'. शेवटचा 'शी' आखूडच ठेवायचा. लांबवला की 'ओइशीई' होतं, म्हणजे चविष्ट. जपानातली लहान मुलंही वर्षानुवर्षं ही ओळ 'ससा चविष्ट' अशीच ऐकत मोठी होतात, त्यामुळे चुकलंच तर पाहुणे रागावणार नाहीत, हसतील.